आलेखसूचीतील मजकुराचे संरेखन

संगणकीय आज्ञावलीद्वारे काढलेल्या आलेखाच्या सूचीत खुणा आणि त्यांची नावे ठरावीक कडेशी जुळवून एकाखाली एक मांडण्याच्या क्रियेस आलेखसूचीतील मजकुराचे संरेखन असे म्हणतात. आलेखात एकाहून अधिक रेषा, स्तंभ किंवा रंगछटा असतील तर कोणती खूण कशाची, हे वाचकाला सूचीवरून कळते. सूचीतील नावे वेडीवाकडी बसली तर दृष्टी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरते आणि एका जिल्ह्याची रेषा दुसऱ्याच्या नावे वाचली जाते. आलेख अचूक असूनही वाचन चुकते. हाताने सूची लिहिताना हा प्रश्न डोळ्यांच्या अंदाजाने सुटतो. संगणकाला मात्र मजकूर विशिष्ट टंकात मांडून पाहिल्याशिवाय त्याची रुंदी कळत नाही, आणि संरेखनाच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. देवनागरी लिपीत त्या अधिक ठळक होतात.

संज्ञा आणि घटक

भूगोलाच्या शालेय पुस्तकांत नकाशाच्या अंगांमध्ये शीर्षक, दिशा, प्रमाण यांच्या जोडीने सूचीचाही उल्लेख असतो. तीच संज्ञा आलेखासही लागू पडते. संगणकीय आलेखनात तिला बहुधा 'लेजंड' म्हणतात. ग्नूप्लॉट या आज्ञावलीत तिचे नाव 'की' असे आहे. सूचीची प्रत्येक नोंद दोन भागांची असते: एक खूण, म्हणजे रेषेचा छोटा तुकडा, ठिपका अथवा रंगीत चौकोन, आणि दुसरे त्या खुणेचे नाव, म्हणजेच लेबल. याशिवाय सूचीला शीर्षक व भोवती चौकट असू शकते.

संरेखनाचा विचार दोन दिशांनी करावा लागतो. आडव्या दिशेने सर्व नावांची डावी कड, उजवी कड किंवा मध्य एका उभ्या रेषेत आणला जातो. उभ्या दिशेने प्रत्येक खूण आपल्या नावाच्या मध्याशी समपातळीत आणली जाते. पहिल्या प्रकारातील चूक चटकन दिसते. दुसऱ्या प्रकारातील चूक पुष्कळदा लक्षात येत नाही, पण दाटीवाटीच्या सूचीत खूण आपल्या नावाची की खालच्या नावाची, असा संभ्रम तीच निर्माण करते.

पूर्वपीठिका

सूची ही आलेखाची जन्मजात सोबतीण नव्हे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास' या ग्रंथात प्रसिद्ध केलेल्या आलेखांत आयात व निर्यात ही नावे थेट रेषांवरच लिहिलेली आहेत. निराळी सूची तेथे लागत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५८ मधील सैनिकांच्या मृत्यूविषयीच्या सुप्रसिद्ध आकृतीत निळा, लाल व काळा रंग कशाचा, हे आकृतीशेजारी पूर्ण वाक्यांत सांगितले आहे. संगणकयुगात आकृती बनवणारा आणि तिच्यातील आकडे यांच्यामध्ये आज्ञावली आली. दहा रेषांचा आलेख एका आज्ञेत निघू लागला आणि त्याबरोबर सूचीही आपोआप तयार होऊ लागली. ती आपोआप तयार होते म्हणूनच तिच्या मांडणीकडे दुर्लक्ष होते, असे म्हणावयास हरकत नाही.

कोणती कड जुळवावी

खुणेला लागून असलेली कड सरळ ठेवावी, हा या विषयातील सर्वांत उपयुक्त नियम आहे. खूण डावीकडे व नाव उजवीकडे असेल तर नावे डावीकडे संरेखित करावीत. खूण उजवीकडे असेल तर नावे उजवीकडे संरेखित करावीत. असे केल्याने खूण व नाव यांतील अंतर प्रत्येक ओळीत सारखे राहते. याउलट खूण उजवीकडे ठेवून नावे डावीकडे संरेखित केली, तर 'सिंधुदुर्ग' हे नाव खुणेला भिडते आणि 'पुणे' हे नाव तिच्यापासून दूर राहते. जुन्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत प्रकरणाचे नाव व पृष्ठांक यांच्यामध्ये ठिपक्यांची ओळ घालत, ती हे रिकामे अंतर डोळ्यांना ओलांडता यावे म्हणूनच. आलेखसूचीत ठिपके घालण्याची रीत नाही; तेव्हा ते अंतर मुळातच न पडू देणे श्रेयस्कर ठरते.

मध्य जुळवण्याची पद्धत सूचीसाठी सर्वांत गैरसोयीची होय. तीत दोन्ही कडा दंतुर होतात आणि पुढचे नाव कोठे सुरू होते हे प्रत्येक ओळीत नव्याने शोधावे लागते. उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांत खूण उजवीकडे व नावे तिच्या डावीकडे, उजव्या कडेशी जुळवून, हीच स्वाभाविक मांडणी ठरते.

रुंदी मोजण्याचा प्रश्न

नवशिके आज्ञावलीकार संरेखनासाठी बहुधा रिकाम्या जागांचा आधार घेतात. सर्वांत लांब नावाची अक्षरे मोजावयाची आणि आखूड नावांपुढे तेवढ्या संख्येपर्यंत रिकाम्या जागा भरावयाच्या, अशी ही युक्ती आहे. टंकलेखन यंत्रावर ती बिनचूक चाले, कारण तेथे अक्षर कोणतेही असो, गाडी ठरावीक अंतरच पुढे सरके. आलेखात सामान्यतः वापरले जाणारे टंक तसे नसतात. रोमन लिपीतील 'आय' अरुंद व 'एम' रुंद असतो. देवनागरीतील 'र' अरुंद आणि 'ख' किंवा 'श' रुंद असतो. रिकाम्या जागेची रुंदी तर या सर्वांहून वेगळी असते. त्यामुळे संख्येने समान झालेली नावे रुंदीने समान होत नाहीत आणि कड थोडीथोडी हलत राहते. एसव्हीजी या वेबवरील चित्रप्रकारात तर लागोपाठच्या अनेक रिकाम्या जागा मिळून एकच समजली जाते, त्यामुळे ही युक्ती तेथे सरसकट फसते.

खरा उपाय म्हणजे रुंदीचे प्रत्यक्ष मापन. त्यासाठी टंक, त्याचा आकार आणि चित्राचे रिझोल्यूशन या तिन्ही गोष्टी निश्चित असाव्या लागतात. प्रत्येक नाव त्या टंकात मांडून त्याची रुंदी घेतली जाते, त्यांतील महत्तम रुंदी निवडली जाते आणि मग प्रत्येक नाव योग्य तेवढे सरकवले जाते. डावीकडे संरेखन करावयाचे असल्यास नावे सरकवावी लागत नाहीत, कारण सर्वांचा आरंभबिंदू एकच असतो. रुंदी केवळ चौकटीसाठी लागते. उजवीकडे किंवा मध्यावर संरेखन करावयाचे असल्यास मात्र मापनाशिवाय गत्यंतर नाही. बहुतेक आज्ञावल्या डावीकडील संरेखन सहज देतात व उजवीकडील संरेखनासाठी कष्ट करवतात, त्याचे एक कारण हे आहे.

निरनिराळ्या आज्ञावल्यांतील व्यवस्था

ग्नूप्लॉट ही १९८६ पासून विकसित होत आलेली आज्ञावली नाव डावीकडे व खूण उजवीकडे ठेवते आणि नावे उजव्या कडेशी जुळवते. वर सांगितलेला नियम येथे आपोआप पाळला जातो. 'रिव्हर्स' हा पर्याय दिल्यास खूण डावीकडे जाते. मात्र तेवढ्यावर थांबल्यास नावे उजवीकडेच जुळलेली राहतात, म्हणून त्यासोबत मोठ्या लिपीतील आद्याक्षराचा 'लेफ्ट' हा पर्यायही द्यावा लागतो. लहान आद्याक्षराचा 'लेफ्ट' हा निराळा पर्याय असून तो संपूर्ण सूची आलेखाच्या डाव्या बाजूस नेतो. एका आद्याक्षराच्या फरकाने अर्थ पालटत असल्याने येथे अनेकांची फसगत होते. ग्नूप्लॉटच्या मार्गदर्शिकेत 'विड्थ' या पर्यायाची माहिती देताना, चौकटीची रुंदी काढण्यासाठी ही आज्ञावली मजकुरातील चिन्हे केवळ मोजते, असे म्हटले आहे. मजकुरात नियंत्रक चिन्हे असतील तर मोजणी फुगते, आणि ती दुरुस्त करण्यासाठीच तो पर्याय दिलेला आहे.

पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी जॉन हंटर यांनी निर्माण केली व २००३ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या सूचीत खूण डावीकडे व नाव उजवीकडे असते. खुणेची लांबी, खूण व नाव यांतील अंतर, दोन ओळींमधील अंतर ही सर्व मापे टंकाच्या आकाराच्या पटीत दिली जातात. मूळ मांडणीत खुणेची लांबी टंकाच्या आकाराच्या २ पट आणि खूण व नाव यांतील अंतर ०.८ पट असते. त्यामुळे टंक मोठा केल्यास सूची प्रमाणात वाढते. 'मार्करफर्स्ट' हा पर्याय असत्य ठेवल्यास खूण उजवीकडे जाते आणि नावांचा स्तंभही उजव्या कडेशी जुळवला जातो. बहुतेकांची गरज येथेच भागते.

खूण डावीकडेच ठेवून नावे उजवीकडे जुळवावयाची असतील, उदाहरणार्थ नावांच्या शेवटी आकडे असतील, तर सूचीतील मजकुराचे घटक मागवून, प्रत्येकाची रुंदी मोजून ते स्वतंत्रपणे सरकवावे लागतात. या कृतीत एक खाचखळगा आहे. मापन पिक्सेलमध्ये होते आणि सरकवण्याचे अंतरही पिक्सेलमध्येच नोंदले जाते. पडद्यासाठी मापन करून तेच चित्र छपाईसाठी अधिक रिझोल्यूशनवर जतन केले, तर अक्षरे मोठी होतात पण सरकवण्याचे अंतर जुनेच राहते. पडद्यावर सरळ दिसलेली कड छापील चित्रात बिघडते. म्हणून ज्या रिझोल्यूशनवर चित्र जतन करावयाचे, तेच आरंभी ठरवून मग मापन करावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.६ या आवृत्तीत 'अलाइनमेंट' नावाचा पर्याय आला, पण तो सूचीचे शीर्षक आणि नोंदींचा गट यांची परस्पर जुळणी ठरवतो. नावांच्या कडा जुळवण्यासाठी तो नाही. नावामुळे तसा समज होणे स्वाभाविक आहे.

आर या सांख्यिकीय भाषेतील मूळ 'लेजंड' या फलनाच्या साहाय्य-पृष्ठावरील उदाहरणांत उजव्या संरेखनाची एक चतुर रीत दाखवली आहे. प्रथम नावांच्या जागी रिकामा मजकूर देऊन सूची काढली जाते; मजकुरासाठी राखावयाची रुंदी मात्र सर्वांत लांब नावाएवढी, त्या उदाहरणात दहा लाख या आकड्याएवढी, ठेवली जाते. सूची काढल्यावर ते फलन चौकटीची व प्रत्येक ओळीची स्थाने परत देते. त्या स्थानांच्या आधारे खरी नावे चौकटीच्या उजव्या कडेपासून डावीकडे लिहिली जातात. आधी जागा आखून मग मजकूर भरण्याची ही पद्धत जवळजवळ कोणत्याही आज्ञावलीत वापरता येते. याच भाषेतील हॅडली विकहॅम यांच्या जीजीप्लॉट२ या संचात संरेखन शून्य ते एक या अंकाने सांगितले जाते: शून्य म्हणजे डावी कड, एक म्हणजे उजवी कड. त्यासाठीचा जुना स्वतंत्र पर्याय २०२४ मधील ३.५.० या आवृत्तीपासून मागे पडला असून आता तो अंक मजकुराच्या शैलीतच द्यावा लागतो. जुन्या आज्ञावल्या चालवताना सूचना दिसते ती यामुळे.

लाटेकमधील पीजीएफप्लॉट्स या संचात सूचीतील नावे मूलतः मध्यावर जुळवलेली असतात, ही त्याची उणीव मानावी लागेल. शोधनिबंधांतील अनेक आलेखांत नावे दोन्ही बाजूंनी दंतुर दिसतात ती याच कारणाने. 'लेजंड सेल अलाइन' याची किंमत 'लेफ्ट' करणे एवढाच त्यावर इलाज आहे.

डी३ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तयार सूची नाही. आज्ञावलीकार एसव्हीजीच्या मूळ घटकांनी ती स्वतः रचतो. तेथे 'टेक्स्ट-अँकर' या गुणधर्माला आरंभ, मध्य किंवा अंत यांपैकी किंमत दिली की दिलेल्या बिंदूपासून मजकूर त्या त्या बाजूस पसरतो. त्यामुळे उजवे संरेखन मापनाशिवाय साधते. चौकट काढण्यासाठी मात्र रुंदी लागतेच. ती ब्राउझरला विचारता येते, परंतु टंक इंटरनेटवरून येत असेल आणि तो पोहोचण्यापूर्वीच विचारणा झाली, तर उत्तर पर्यायी टंकाच्या रुंदीचे मिळते. पृष्ठ पहिल्यांदा उघडताना चौकट चुकीची आणि दुसऱ्यांदा बरोबर, हा अनुभव यातूनच येतो.

देवनागरी मजकुराचे प्रश्न

मराठी व्याकरणात वर्ण आणि अक्षर यांत भेद केला जातो. 'स्त्री' या शब्दात स्, त्, र्, ई असे चार वर्ण आहेत, पण अक्षर एकच आहे. युनिकोडमध्ये हाच शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकाराची मात्रा अशा सहा चिन्हांनी साठवला जातो. पायथनला या शब्दाची लांबी विचारल्यास उत्तर ६ येते. 'कमल' या शब्दाची लांबी मात्र ३ येते, जरी कागदावर 'कमल' हा 'स्त्री'पेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. चिन्हे मोजून रिकाम्या जागा भरणारी युक्ती रोमन लिपीत थोडी चुकते. देवनागरीत ती उलट्या दिशेने चुकते, म्हणजे आखूड शब्दाला लांब समजते. वर्णसंख्या, अक्षरसंख्या आणि चिन्हसंख्या यांपैकी एकही संख्या रुंदीचे माप म्हणून वापरता येत नाही.

दुसरी अडचण अक्षररचनेची आहे. जोडाक्षरे घडवणे, ऱ्हस्व इकाराची मात्रा व्यंजनाआधी नेणे, रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर चढवणे ही कामे टंक स्वतः करत नाही. हार्फबझसारखी रचनाप्रणाली टंकातील नियम वाचून ती करते. मॅटप्लॉटलिबचा मूळ टंक डेजाव्हू सॅन्स असून त्यात देवनागरी नाही. त्यामुळे मराठी नावे दिल्यास रिकामे चौकोन उमटतात आणि २३५० क्रमांकाचे चिन्ह टंकात नाही, अशा धाटणीची सूचना येते. २३५० हा 'म'चा युनिकोड क्रमांक होय. नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यांसारखा टंक निवडल्यावर चौकोन जातात, परंतु या लायब्ररीच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या नेहमीच्या चित्रणपद्धतीत रचनाप्रणालीचा वापर नसल्याने जोडाक्षरे फुटून हलन्तासह दिसतात आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे जाऊन बसतो. 'सिंधुदुर्ग' हे नाव अशा सूचीत ओळखणेही कठीण होते. विद्यार्थी मग निरुपायाने नावे रोमन लिपीत लिहितात. मराठी अहवालांतील आलेखांवर इंग्रजी सूची का दिसते, याच्या कारणांपैकी हे एक आहे.

संरेखनावर याचा थेट परिणाम होतो, कारण फुटलेला शब्द जुळलेल्या शब्दाहून रुंद असतो. मॅटप्लॉटलिबमधून एसव्हीजी चित्र जतन करताना मजकूर रेषाकृतीत न बदलता मजकूर म्हणूनच ठेवण्याची सोय आहे. असे चित्र ब्राउझरमध्ये उघडल्यास मराठी शब्द निर्दोष दिसतात, कारण ते ब्राउझर स्वतः रचतो. पण सूचीची चौकट फुटलेल्या शब्दांच्या रुंदीवरून आधीच आखलेली असते, म्हणून तिच्यात उजवीकडे अकारण जागा उरते. मापन करणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असा हा प्रकार आहे. यावर दोन उपाय संभवतात. पहिला म्हणजे नावे डावीकडेच संरेखित करून चौकट काढून टाकणे. मग रुंदीची चूक दिसतच नाही. दुसरा म्हणजे मापन आणि लेखन एकाच प्रणालीकडे सोपवणे. मॅटप्लॉटलिबची 'पीजीएफ' चित्रणपद्धती झीलाटेकसह वापरल्यास शब्दांची रुंदीही झीलाटेककडूनच विचारली जाते. ग्नूप्लॉटच्या कैरो-आधारित चित्रणपद्धतीत मजकुराचे काम पँगो ही लायब्ररी पाहते, त्यामुळे योग्य टंक दिल्यास तेथे जोडाक्षरे नीट उमटतात.

उभ्या दिशेचा प्रश्नही देवनागरीत वेगळा होतो. रोमन अक्षरे खालच्या आधाररेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. एसव्हीजीमध्ये मजकूर खुणेच्या मध्याशी आणण्यासाठी तो टंकाच्या आकाराच्या ०.३५ पट खाली सरकवण्याची जी रूढी आहे, ती रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेली आहे. देवनागरी टंकात ते प्रमाण पाहून ठरवावे लागते. शब्दाभोवतीच्या चौकटीचा मध्य काढून खूण तेथे ठेवणे तर अधिकच फसवे आहे. 'कमल' या शब्दाला वर-खाली मात्रा नाहीत, 'कृषी' या शब्दाला दोन्हीकडे आहेत. चौकटीचे मध्य वेगवेगळे येतात आणि खुणांमधील अंतरे असमान होतात. खूण शिरोरेषा व अक्षराचा पाय यांच्या मधोमध ठेवणे, आणि सर्व ओळींसाठी तेच अंतर कायम ठेवणे, ही रीत सर्व शब्दांना पुरते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींमधील अंतरही रोमन सूचीपेक्षा थोडे अधिक ठेवावे लागते.

आकडे असलेली सूची

नावासोबत किंमत दाखवावयाची असेल तर नाव व आकडा यांना दोन स्वतंत्र स्तंभ मानणे इष्ट. नावे डावीकडे आणि आकडे उजवीकडे जुळवावेत, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक येते. दशांश अपूर्णांक असल्यास सर्वांत दशांशस्थळे समान ठेवावीत, १२.५ आणि ८.२५ ऐवजी १२.५० आणि ८.२५ लिहिल्यास दशांशचिन्हे आपोआप एका रेषेत येतात. त्यासाठी टंकातील सर्व अंक समान रुंदीचे असावे लागतात. देवनागरी अंक सर्वच टंकांत तसे नसतात. १ अरुंद आणि ६ रुंद असा भेद आढळतो.

अंकगटांसाठी स्वल्पविराम देण्याची पायथनमधील साधी सोय तीन-तीन अंकांचे गट पाडते. लाख-कोटींच्या भारतीय पद्धतीने १२,३४,५६७ असे लिहावयाचे असल्यास स्थानिक मांडणी निवडावी लागते किंवा छोटे फलन लिहावे लागते. एकाच आलेखात अक्षावर एक पद्धत आणि सूचीत दुसरी, असे होऊ देऊ नये.

नोंदींचा क्रम आणि अनेक स्तंभ

नोंदी पुष्कळ असल्यास सूची दोन किंवा अधिक स्तंभांत मांडली जाते. मॅटप्लॉटलिब पहिला स्तंभ वरून खाली भरून मग दुसऱ्याकडे वळते; वाचक मात्र आडवे वाचत असेल तर क्रम विस्कळीत वाटतो. स्तंभांतील नावांची लांबी फार असमान असेल तर दुसऱ्या स्तंभाच्या खुणा पहिल्याच्या नावांना चिकटल्यासारख्या दिसतात, म्हणून स्तंभांमधील अंतर खूण व नाव यांतील अंतराच्या किमान दुप्पट तरी असावे. रेषालेखात नोंदींचा क्रम रेषांच्या उजव्या टोकांच्या वर-खाली क्रमाशी जुळवल्यास रंग ओळखण्यात अडचण असलेल्या वाचकासही सूची उपयोगी पडते.

सूचीऐवजी थेट नावे

एडवर्ड टफ्टी यांच्या १९८३ मधील 'द व्हिज्युअल डिस्प्ले ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन' या ग्रंथानंतर सूची टाळून नावे रेषांच्या टोकाशीच लिहावीत, हा विचार अधिक प्रसृत झाला. प्लेफेअर यांची रीत हीच होती. अशा वेळी नावे रेषेच्या शेवटच्या बिंदूपासून डाव्या कडेने सुरू होतात आणि रंगही रेषेचाच दिला जातो, त्यामुळे आडव्या संरेखनाचा प्रश्न उरत नाही. रेषांची टोके जवळजवळ आली की मात्र नावे एकमेकांवर चढतात. दोन-तीन नावे थोडी वर-खाली सरकवून आणि बारीक जोडरेषा देऊन निभावता येते. त्याहून अधिक दाटी झाल्यास पुन्हा सूचीच करावी लागते.